दांडेघाटीचा नारळ

प्लासिद फर्नांडिस ट्रॅक्टर उघडायला बसला की शेजारी जेवणाचं स्टीलचं ताट मांडतो. नवख्याला वाटतं, गडी जेवायला बसला. ताटात असतात नट, वायसर, पिना, स्प्रिंगा. ज्या क्रमाने निघाल्या त्या क्रमाने कडेकडेने गोल लावलेल्या. काम संपलं की ताट रिकामं दिसलं पाहिजे. एक वायसर जरी उरलं तरी तो इंजिन चालू करू देत नाही, मालक कितीही तालेवार असो. एकदा असंच एक वायसर उरलं म्हणून इन्सुलीहून आलेल्या माणसाचा अख्खा गिअरबॉक्स त्याने पुन्हा उघडला. वायसर निघालं त्या माणसाच्या किल्ल्यांच्या जुडग्यातून पडलेलं. तो माणूस चिडला, बोलायचं ते बोलला. प्लासिद म्हणाला, "आता माका झोप लागतली."

माझं किराणा दुकान त्याच्या वर्कशॉपच्या समोर. गिऱ्हाईक नसलं की मी माणसं मोजतो. कोण कोणाकडे किती वेळ बसलं, कोण कोणाला बघून वळलं, सगळं डोक्यात नोंदलेलं असतं. प्लासिदच्या पानावर मात्र वर्षानुवर्षं एकच ओळ: साडेबारा वाजता घरी जेवायला. घर म्हणजे वर्कशॉपच्या मागचा दरवाजा, वीस पावलं. पण त्या वीस पावलांआधी डिझेलने हात धुणं, मग साबणाने धुणं, मग क्लेमेंटिनाने ते हुंगून बघणं. बाहेर ट्रॅक्टरवाले ताटकळत असतात. आमच्या वायरोळीत बायकोला घाबरणारे पुष्कळ आहेत. बायको-मुलीपायी येडा झालाय हे लपवता न येणारा हा एकच. मुलगी रोशेल मालवणला कॉलेजात जायची. तिची एसटी तिठ्यावर येईपर्यंत हा माणूस हातात पाना घेऊन रस्त्याकडे बघत उभा. मी म्हणायचो, "प्लासिद, पाने काय रस्त्याक लावतंस?" तो म्हणायचा, "बाबूशेट, तुजा चेडू आसता तर समाजला असता."

हे सगळं सांगायचं कारण, दोन वर्षांपूर्वीच्या मार्गशीर्षात ते ताट चुकलं.

वायरोळीला दर तीन वर्षांनी गावपळण असते. देवाचा हुकूम घ्यायचा, ढोल वाजवायचा आणि दिवस मावळायच्या आत सगळ्या गावाने गुरं, कोंबड्या, कुत्री, म्हातारी माणसं घेऊन वेशीबाहेर पडायचं. तीन रात्री गाव मोकळा ठेवायचा. आत दिवा नाही, चूल नाही, माणसाचं पाऊल नाही. चौथ्या दिवशी कौल मागायचा, देवाने दिला तर परतायचं. उत्तरेच्या सड्यावर, गावाबाहेरच्या उघड्या कातळमाळावर, माडाच्या झावळ्यांच्या खोपी उभ्या राहतात आणि सगळी भांडणं तीन दिवस शेजारी शेजारी राहायला येतात. गावातली चार ख्रिश्चन घरंही निघतात. चॅपेलला कुलूप लागतं. त्यांना कोणी सांगत नाही, ते विचारत नाहीत.

त्या वर्षी ढोल वाजायच्या दिवशीच निलेश परबाचा ट्रॅक्टर प्लासिदच्या दारात उघडा पडलेला. पुढची दोन चाकं एकमेकांना धरून ठेवणारा जो दांडा असतो, त्याच्या टोकाचा सांधा झिजला होता. नवीन सांधा घालायचा, वर खाचांचं नट आवळायचं, आणि त्या खाचेतून एक पिन आरपार घालून तिचे दोन पाय वाकवायचे. पिन बोटाएवढी, बायका केसांत खोवतात तशी. पण ती नसेल तर नट हादऱ्यांनी हळूहळू सुटतं, आणि एकदा ते गळलं की एक चाक पूर्वेला, दुसरं पश्चिमेला. स्टेअरिंग नुसतं हातात.

निलेशला घाई होती. त्याच्या ट्रॉलीतून अर्धी म्हातारी वाडी सड्यावर जायची होती. दुसरा ढोल झाला. क्लेमेंटिना भांडी गोणपाटात भरत होती. प्लासिद ट्रॅक्टरखाली उताणा, नट आवळत होता. कोणीतरी हाक मारली म्हणून बाहेर आला, काशीबाईला, म्हणजे निलेशच्या आईला, हात देऊन ट्रॉलीत चढवलं, परत आला तर ताट जागेवर नाही.

"क्लेमेंटिन, ताट खंय?"

"घेतलंय," आतून आवाज आला. "जेवूचा कशात?"

तेवढ्यात निलेशने ट्रॅक्टर चालू केला. हे मी माझ्या पायरीवरून पाहिलं. प्लासिद क्षणभर हात हवेत धरून उभा राहिला. मग तिसरा ढोल झाला आणि आम्ही सगळे निघालो.

पहिल्या रात्री सगळ्यांनी घरून आणलेलं खाल्लं. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला निलेश ट्रॉली भरून खाडीवर निघाला. दुपारी सुकती, म्हणजे ओहोटी होती, तिसऱ्या शिंपल्या काढायला चांगली. ट्रॉलीत सतरा माणसं. मोजायची सवय असल्यामुळे आकडा पक्का. राधाबाई सगळ्यांत म्हातारी, तिसऱ्या ओळखण्यात पटाईत. मानकरी बाबली परबाची नात अपेक्षा, नऊ वर्षांची, टोपली डोक्यावर पालथी घालून. निलेशची बायको पूजा ट्रॅक्टरच्या मडगार्डवर. आणि रोशेल, सुट्टीवर. प्लासिद तिला म्हणाला, "कडेक बसू नको." ती म्हणाली, "पप्पा, मी काय अपेक्षा आसंय?" अपेक्षा म्हणाली, "मी पण कडेक नाय बसलंय."

सड्यावरून खाडीला जायचा सरळ रस्ता गावातून. अडीच किलोमीटर. तो तीन दिवस बंद. म्हणून फेऱ्याने, चौदा किलोमीटर, खडबडीत चिऱ्याचा रस्ता. तो फेरा गावाच्या दक्षिण वेशीबाहेर दांडेघाटीच्या तोंडाशी येऊन मिळतो, आणि तिथून घाटी उतरली की खाडी. घाटी म्हणजे एका बाजूला कापलेला डोंगर, दुसऱ्या बाजूला बंद पडलेली चिऱ्याची खाण. खाण तीस हात खोल.

सव्वाअकराला मी प्लासिदच्या खोपीत चहा पीत होतो. क्लेमेंटिनाने भातासाठी उकड्या तांदळांची पिशवी ओढली. पिशवीचं तोंड पिळून त्यात एक पिन खोवलेली होती.

"ही कोणी लावली गो?" प्लासिदने विचारलं. सहज. कप त्याच्या तोंडाशीच होता.

"रोशेलान. ताटात पडलेली, म्हणाली. ताट भरताना."

त्याने कप खाली ठेवला. पिन काढली. तिचे दोन्ही पाय सरळ होते, नवेकोरे.

त्याने सांगायच्या आधी मला कळलं, कारण मी त्याला इतकी वर्षं पिना वाकवताना पाहिलंय. जुनी पिन सरळ नसते. लागलेली पिन सरळ नसते. ही पिन कशातच गेली नव्हती.

"जुनी खंय टाकलंस?" मी विचारलं. माणूस काहीतरी बोलायचं म्हणून बोलतो.

"जुनी डब्यात गेली. ही तिच्या जागेर जावची होती."

क्लेमेंटिनाचा हात पिशवीतच राहिला. "काय झाला?"

"काय नाय. तू भात घाल." आणि तो उठला. भात घाल म्हणताना त्याचा आवाज साडेबाराच्या जेवणाला यायचा तसाच होता, म्हणूनच मला भीती वाटली.

बाहेर येऊन त्याने निलेशला फोन लावला. फोन शेजारच्याच खोपीत वाजला. काशीबाई तो हातात धरून आली, जळता निखारा धरावा तसा. "ह्यो हंयच वाजता रे. चार्जिंगाक लावून गेलो तो." रोशेलचा फोन लागत नव्हता, फेऱ्यावर रेंज नाही हे आम्हाला सगळ्यांनाच माहीत होतं, तरी त्याने तीनदा लावला.

मी मनात गणित केलं. साडेदहाला निघाले. निलेश माणसं भरलेली ट्रॉली ताशी चौदा-पंधराच्या वर नेत नाही. मध्ये राधाबाईसाठी एकदा थांबले असतील, दहा मिनिटं. म्हणजे घाटीच्या तोंडाशी पोचायला अजून वीस मिनिटं, फार तर पंचवीस. फेऱ्याने माझी स्कूटर कितीही पळवली तरी अर्धा तास.

"नट किती वेळ धरता?" मी विचारलं.

"घट आवळलला आसा. पन्नास किलोमीटर धरात. नायतर पाच." त्याने पिन शर्टाच्या खिशात टाकली, वरून हात ठेवला. "काल सड्यार साताठ खेपा झाल्यो, शेट. आज ह्ये चौदा किलोमीटर."

"मगे?"

"मगे तुजी स्कूटर काढ."

त्याने तोंड गावाच्या बाजूला केलं होतं.

उत्तरेच्या वेशीवर चिऱ्याचा एक थोरला दगड आहे. त्याच्यापाशी बाबली परब, गावचा मानकरी, घोंगडी टाकून बसलेला असतो, तिन्ही दिवस. सत्तरी ओलांडलेला. आत कोंबडी जरी गेली तरी त्याला कळतं. आम्ही स्कूटर ढकलत तिथवर गेलो तोवर मागे वीस-पंचवीस माणसं जमली होती. काशीबाईने फोन नाचवत सगळ्यांना सांगितलं होतं.

"खंय चल्लास?" बाबली म्हणाला. उठला नाही.

"घाटीत, आबा."

"फेऱ्यान जा."

"फेऱ्यान पोचासर ते उतराक लागतले."

"उतरतले का पडतले?"

"ता माका म्हायत नाय."

बाबलीने दगडाकडे पाहिलं. मागून ओंकार बोलला. ओंकार पुण्याला नोकरीला, गावपळणीला रजा काढून येतो आणि नियमांना आमच्यापेक्षा कडक असतो. "एकान वेस मोडली की सगळ्यांची मोडता. माघारचो कौल नाय मिळालो तर? पाच दिवस, सात दिवस, पोरांका घेवन हयसर बसाचा? आणि ज्याचो देव नाय, तेका काय जाता."

कोणी त्याला गप केलं नाही. हे मी नोंदवून ठेवलंय, कोण कोण उभं होतं त्याच्यासकट.

प्लासिद वळला. त्याचा आवाज चढला नाही. "देव तुमचो. वेस माजी पण आसा रे. माजो आजो, माजो बापूस, मी, सगळे बाहेर रवलो तुमच्या वांगडा. कोणी सांगूक नाय इलो आमका." मग बाबलीला म्हणाला, "चूक माजी आसा, आबा. पिन माज्या खिशात रवली. माका जावक नको म्हणतास तर तुमी माका धरून ठेवा. मी आपण थांबाचंय नाय."

खिशात राहिली, असं म्हणाला. तांदळाच्या पिशवीचं नाव नाही, रोशेलचं नाही, ताट उचललं तिचं नाही. क्लेमेंटिना गर्दीच्या कडेला हात पदरात गुंडाळून उभी होती. तिने खाली पाहिलं.

"ट्रॉलयेत अपेक्षा आसा," काशीबाई म्हणाली. कोणाला उद्देशून नाही.

बाबलीला ते माहीत होतं. नातीला टोपली त्यानेच दिली होती. तो गुडघ्यावर हात ठेवून उठला, आणि उठायला त्याने इतका वेळ लावला की मी दोनदा मनगट वर केलं. घड्याळात अकरा चोवीस.

"नारळ हाडा," तो म्हणाला. "गाराणा घालूचा आसा."

"आता?" ओंकार म्हणाला.

"आता नाय तर कदी? गावची लेकरां घाटीत आसत. सगळ्यांनी हयसर तोंड करा, माज्याकडे. वेशीक पाठ. हात जोडा, डोळे मिटा. गाराणा सोपासर कोणी डोळे उघडूचे नाय. उघडलो तर तेका इचारतलो." मग माझ्याकडे न बघता, "बाबू, तुजी ती स्कूटर वायच बाजूक घी. चालू करू नको. आवाज नको माका."

वेशीपासून रस्ता उतरता आहे. बाजूला घ्यायची म्हणजे कोणत्या बाजूला, हे त्याने सांगितलं नाही.

बाबलीचं गाऱ्हाणं, म्हणजे गावाच्या वतीने देवाला घातलेली विनवणी, नेहमी पाच मिनिटांत आटपतं. त्या दिवशी त्याने सुरुवातच डोंगराच्या माथ्यावरच्या देवापासून केली. "बा देवा म्हाराजा, सड्यावरच्या, पाणंदीतल्या, खाडीच्या काठावरच्या, चाळ्याक, राखणदाराक, आज ही तुजी लेकरां…" आणि मागून सगळ्यांचं एकसुरी "व्हय म्हाराजा." दुसऱ्या "व्हय म्हाराजा"च्या आवाजात आम्ही दगड ओलांडला. मी मागे वळून पाहिलं. ओंकारचेही डोळे मिटलेले होते. घट्ट.

शंभर हात खाली जाऊन मी किक मारली. दुसऱ्या किकेला सुरू झाली. प्लासिद मागे बसला, एक हात माझ्या खांद्यावर, दुसरा खिशावर.

माझाच गाव, पण मी तो तसा कधी पाहिला नव्हता. भुंकायला कुत्रं नाही. अंगणं झाडलेली नाहीत. एका दोरीवर कोणाचीतरी लाल चादर वाळत राहिलेली, तीच तेवढी हलत होती. स्कूटरचा आवाज घराघरांवर आपटून परत येत होता आणि मला सारखं वाटत होतं की मागून दुसरी स्कूटर येतेय. माझं दुकान आलं. बंद शटर. समोर वर्कशॉप, तेलाचा काळा डाग, त्यावर काल निलेशच्या चाकांनी काढलेली ओळ. प्लासिदने तिकडे मान वळवली नाही. फक्त खांद्यावरची बोटं रुतली.

"शेट, वायच जोरात."

"पडतलंव."

"पडाचंय नाय तू. भियालेलो माणूस पडणा नाय."

देवळासमोरून जाताना मी डोळे मिटले. स्कूटर चालवताना डोळे मिटणं मूर्खपणा आहे, पण बघायचं धाडस झालं नाही. उघडले तेव्हा दक्षिणेची पाणंद लागली होती, आणि पुढे, झाडांच्या पलीकडे, ट्रॅक्टर ऐकू येत होता.

पाणंदीच्या शेवटी काट्यांची आड घातलेली. गाव बंद म्हणून आम्हीच घातली होती. स्कूटर तिथे अडली. प्लासिद उडी मारून काट्यांतून पलीकडे गेला. शर्ट फाटला, पोटऱ्या सोलल्या. तो वेशीबाहेर आला तेव्हा फेऱ्याच्या रस्त्यावरून निलेशचा ट्रॅक्टर साठ-सत्तर हातांवर होता, आणि प्लासिदच्या मागे दहा पावलांवर घाटीचं तोंड. त्याने दोन्ही हात वर केले.

आता निलेशच्या जागी बसून बघा. गाव मोकळा आहे. आत कालपासून मनुष्यप्राणी नाही. आणि मोकळ्या गावातून, काट्यांतून, फाटक्या कपड्यांचा, रक्ताळलेला एक उघड्या डोक्याचा इसम हात वर करून तुमच्यावर धावून येतोय. गावपळणीत गावातून कोण येतं, भुतंखेतं की गाव राखणारा अदृश्य राखणदार, याच्या गोष्टी ऐकतच आम्ही सगळे मोठे झालो. निलेशने एकदाच पाहिलं, मग नजर रस्त्यावर खिळवली आणि पाय दाबला. ट्रॅक्टर वेगात आला.

ट्रॉलीतल्या बायकांनी पदर तोंडावर घेतले. राधाबाईने अपेक्षाचं डोकं आपल्या मांडीत दाबलं. प्लासिद ओरडत होता, "निलेश, थांब रे, मी प्लासिद," पण इंजिनाच्या आवाजात नुसते ओठ हलत होते. मी काट्यांच्या अलीकडून हॉर्न दाबला. माझा हॉर्न सहा महिने बंद होता. प्लासिदनेच मला तो करून घ्यायला चारदा सांगितलेलं.

तो बाजूला झाला नाही. मला वाटलं आता होईल. तीस हात. वीस हात. निलेशने त्याला चुकवायला स्टेअरिंग वळवलं, आणि चाकं वळायला लागलेला वेळ मला तिथूनही दिसला. स्टेअरिंग आधी फिरलं, चाकं मागाहून.

तेव्हा रोशेल ट्रॉलीत उभी राहिली. एसटीतून उतरताना रस्त्यावर उभा असलेला बाप तिने हजारदा पाहिला होता; हात वर करायची त्याची तऱ्हा तिला ठाऊक होती. निलेशला हाक मारून उपयोग नाही हेही तिला कळलं. तिने पुढे वाकून मडगार्डवर बसलेल्या पूजाच्या दंडाला चिमटा काढला.

"पूजा वैनी, तुमच्या गुडग्याकडे लाल दांडी आसा. ओढा ती."

"गो पण ह्ये रागावतले."

"ओढा."

पूजाने ओढली. इंजिन एक धक्का देऊन मेलं. ट्रॅक्टर गिअरमध्ये होता, त्यामुळे दोन-तीन गचके खात, ट्रॉली मागून ढकलत असताना, सपाटीवरच थांबला. प्लासिदच्या छातीपासून दोन हातांवर. त्याच्या पाठीमागे घाटीचा उतार बारा-पंधरा पावलांवर सुरू होत होता.

खालच्या खाडीतले बगळे ऐकू आले.

"तू जितो आसंस?" निलेशने विचारलं. अगदी खरंखुरं विचारलं.

"आसंय. खाली उतर. सगळ्यांनी उतरा."

तो पुढच्या चाकापाशी आडवा झाला. मीही वाकलो. त्याने हात आत घातला. पान्याने नाही, नुसत्या दोन बोटांनी त्याने ते नट धरलं आणि फिरवलं. ते फिरलं. बरणीचं झाकण फिरतं तसं. मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं, त्याने माझ्याकडे. "शेट," तो पुटपुटला, "पुजाक सांगू नको. निलेशाक तर नकोच." किती आटे उरले होते ते त्याने मला चार महिन्यांनी सांगितलं. दीड.

निलेशच्या पेटीतला पाना घेऊन त्याने नट आवळलं, पिन खाचेतून आरपार घातली, पक्कडीने एक पाय वर, एक पाय खाली वाकवला. मग खात्रीला दोन्ही पुन्हा दाबले. रोशेल शेजारी उकिडवी बसून बघत होती.

"पप्पा," ती म्हणाली, "ही पिन मी तांदळाच्या पिशयेक…"

"ती येगळी."

"अशीच होती."

"अशे हजार पिनी आसतत. ही माज्या खिशात होती. काल घाईत रवली."

प्लासिदला खोटं बोलता येत नाही. ट्रॅक्टरवाल्याला दोन दिवस सांगून तीन दिवस लावतो ते खोटं नव्हे, तो अंदाज. हे खोटं होतं आणि ते त्याच्या कानांपर्यंत लाल होऊन आलं. रोशेलने त्याच्या फाटक्या खिशाकडे पाहिलं, वाकवलेल्या पिनेकडे पाहिलं. ओढणीचं टोक थुंकीने ओलं करून ती त्याच्या पोटरीवरचं रक्त पुसायला लागली.

प्रश्न आता दुसराच होता. सतरा माणसांनी प्लासिदला गावातून येताना पाहिलं होतं. मला काट्यांच्या आत उभं पाहिलं होतं. संध्याकाळी सड्यावर कोणी ना कोणी बोलणार, आणि चौथ्या दिवशी कौल अडला तर तो कोणाच्या नावावर अडणार, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती.

राधाबाईने ट्रॉलीतून आपली टोपली घेतली. "मी काय बगूक नाय," ती म्हणाली. "माका दिसता काय धड? घाटीत राखणदार इलो नि तेणा ट्रॅक्टर अडवल्यान. तुमी काय बगलास गो?"

"राखणदारच," पूजा म्हणाली.

"अर्दी चड्डी घातलेलो?" अपेक्षाने विचारलं.

"राखणदार काय व्हया ता घालता," राधाबाई म्हणाली. "चल, सुकती संपता."

प्लासिदने सगळ्यांना घाटी चालत उतरायला लावली आणि रिकामा ट्रॅक्टर स्वतः खाली नेला, माणूस चालतो त्या गतीने. खाली पुन्हा एकदा पिन बघितली. तिसऱ्या भरपूर मिळाल्या. परत येताना ट्रॅक्टर त्यानेच चालवला, फेऱ्याने, आणि मीही मागून फेऱ्यानेच आलो. स्कूटर काट्यांवरून उचलून बाहेर काढताना माझं कंबरडं गेलं ते अजून सरळ नाही. घाटीच्या वर सगळ्यांना पुन्हा चालत चढवलं, हे वेगळं सांगायला नको.

सड्यावर पोचलो तेव्हा बाबली दगडापाशीच बसला होता. त्याचं गाऱ्हाणं बावीस मिनिटं चाललं, असं कळलं. गावातली एक वाडी, एक देव, एक ओहोळ त्याने सोडला नव्हता. शेवटी नवे देव उरले नाहीत तेव्हा तलाठ्याचंही नाव घेतलं म्हणे. त्याने ट्रॉलीतून उतरणाऱ्या अपेक्षाला पाहिलं, तिची टोपली उचलून वजन करून पाहिलं. मग प्लासिदच्या पोटऱ्यांकडे. "करवंदीत पडलंस?" म्हणाला.

"होय, आबा."

"बघून चलाचा."

रात्री क्लेमेंटिनाने ताट वाढलं तेव्हा प्लासिदने ते हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि परत ठेवलं. तांदळाच्या पिशवीचं तोंड सुंभाने बांधलेलं होतं, तीन गाठींनी. रोशेलने बांधलं होतं. तिघंही त्या पिशवीकडे न बघता तिसऱ्यांचं सुकं जेवली, आणि मलाही बोलावून वाढलं.

चौथ्या दिवशी कौल पडला. पहिल्याच मागणीला, उजवा. ओंकार सगळ्यांत आधी बोलला, "बगलास? नियम पाळलो की देव देताच." बाबलीने त्याच्या पाठीवर हात ठेवला, जरा जोरातच.

तेव्हापासून दांडेघाटीच्या तोंडाशी निलेश दर मार्गशीर्षात नारळ ठेवतो. राखणदाराला. गेल्या वर्षी इतर ट्रॅक्टरवाल्यांनीही ठेवला. आता तिथे चिऱ्याचा छोटा चौथराच झालाय. शिरोड्याचा एक डंपरवाला मला विचारत होता, ही जागा फार जागृत आहे म्हणे. मी म्हटलं, आहे.

ह्या वर्षी निलेशने प्लासिदलाच सोबत नेलं, मीही गेलो. निलेशने नारळ ठेवला, हात जोडले, डोळे मिटले आणि बाबलीकडून शिकलेलं गाऱ्हाणं घालायला लागला. प्लासिद त्याच्या शेजारी उभा होता. "व्हय म्हाराजा" त्याने माझ्याबरोबर म्हटलं. मग खाली वाकला, पुढच्या चाकामागे हात घातला आणि अंगठ्याने चाचपून पिनेचे दोन्ही पाय वाकलेले आहेत की नाहीत ते पाहिलं.

"काय करतंस रे?" निलेशने डोळे न उघडता विचारलं.

"काय नाय," प्लासिद म्हणाला. "तुजा चलूंदे."